चिंध्या, फळ्या आणि खारा वारा

गणपतींचं विसर्जन झालं की माझ्याकडे पत्रं वाढतात. चार दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, कुणी माळ्यावर चढतं, कुणी आजीची पेटी उघडतं, ‘याचं काय करायचं’ म्हणून चर्चा होते, आणि उत्तर सापडायच्या आत चाकरमानी गाडीत बसून परत जातात. सामान मात्र पडवीतच राहतं. या खेपेला पत्रं निवडताना मी एकच पाहिलं, की प्रश्न आपल्या हवेतला असावा. पुण्याला चालतं ते वेंगुर्ल्याला चालेलच असं नाही. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ओततात आणि उरलेले आठ महिने खारा वारा खिळे खात बसतो. जुन्यातून काही करायला घेताना आधी या हवेला विचारा. रंगसंगती वगैरे मागाहून.

*

“मावशी, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या कपाटात दोन सुती नऊवारी आहेत आणि सहावारी बऱ्याच, त्यात सुती, नायलॉन, जॉर्जेट असं सगळंच. एक रेशमीही आहे. नणंदेला एक आणि मला एक अशा दोन गोधड्या करायच्या आहेत. मशीनवर शिवल्या तर चालतील का? आणि एकीला किती साड्या लागतात?”
एक सून, राजापूर तालुका

आधी निवड करा, कात्री नंतर. प्रत्येक साडीच्या आतल्या टोकाचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. कागद जळल्याचा वास आला आणि राख बोटांत विरली, तर सुती. धागा वितळून टोकाला टणक मणी झाला, तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. केस जळल्याचा वास आला, तर रेशीम. दुकानदाराने तीस वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं त्यावर विसंबू नका, ‘प्युअर कॉटन’ म्हणून घेतलेल्या किती साड्यांचे मणी झालेले मी पाहिलेत.

सुती तेवढ्या बाजूला काढा. त्या सगळ्या गरम पाण्यात एकदा धुऊन घ्या, खळ असेल तर ती पूर्ण जाऊ द्या. खळीवर कसर येते आणि झुरळंही येतात. शिवाय आटायचं ते कापड आधीच आटून जाऊ दे. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात एक पदर आटतो, दुसरा तसाच राहतो आणि गोधडीला सुरकुत्या पडतात त्या कायमच्या. नायलॉन सुतीबरोबर घालायचं नाही ते याचसाठी.

मग साडी खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे ती विरलेली. तो भाग दोन अंगठ्यांत धरून हलका ताण द्या. चर्र झालं तर ती साडी आतल्या थराची. बाहेर नेहमी दणकट कापड.

आता माप. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या आसपास भरतं, पन्हा सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे करा आणि काठाला काठ लावून दोन-दोन जोडा. वरचा थर आणि खालचा थर, दोन्ही एका लुगड्यात निघाले, आणि तेही दोघांना पुरतील एवढे. तुमच्याकडे लुगडी दोन आहेत, म्हणजे नणंदेशी वाद नाही. आत प्रत्येकीला दोन सहावारी घाला, अर्ध्यावर कापून तशाच जोडून. लांबीला उरेल ती पट्टी कापून ठेवा, पिशवीचे बंद होतील. एकूण चार थर झाले. याहून जास्त घालू नका. देशावर सहा-सात थरांची गोधडी लागते, तिथे थंडी पडते. आपल्याकडे जाड गोधडी जूनमध्ये ओली झाली तर दसऱ्यापर्यंत वाळत नाही, आणि तोवर तिला येणारा वास कुठल्याच साबणाने जात नाही.

मशीनचं विचारलंत. कडा मशीनवर मारा, खुशाल मारा. मधलं मात्र हाताने. मशीनचा टाका घट्ट बसतो, विरलेलं कापड त्या टाक्याच्या रेषेवरच फाटतं. हाताचा धावदोरा सैल असतो, कापड ओढलं गेलं की तोही थोडा सरकतो. जुन्या गोधड्या टिकल्या त्या यामुळे.

माजघरात लादी पुसून कोरडी करा. खालचा थर ताणून पसरा, कोपऱ्यांवर पाट ठेवा. एकेक थर त्यावर घालत हाताने मधून बाहेर सारखा करा. मग मोठे कच्चे टाके, तेही मधून कडेकडे, म्हणजे हवा आणि चुण्या बाहेर जातात. हे टाके शेवटी काढायचे आहेत, म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा घ्या. पक्के टाके उलट दिशेने: कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन असे आत आत येत मध्यावर संपवा. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर पुरे. जाड सुती दोरा घ्या, लांब सुई घ्या आणि एका वेळी हातभरच दोरा ओवा. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि माणूस चिडतो. दोघींनी समोरासमोर बसून दोन कडांनी सुरुवात केलीत तर सासूबाईंबद्दल चार बऱ्या-वाईट गोष्टीही बोलून होतील, दोन्ही बोलायच्या असतातच.

कोपऱ्यांबद्दल एक सुचवते. आपल्या दक्षिणेला, उत्तर कन्नडमध्ये हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंद’ शिवतात, म्हणजे तिथली गोधडीच. ती पुरी झाली की चारही कोपऱ्यांना कापडाचे दुमडलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसलेली गोधडी त्यांच्या लेखी उघडी. सासूबाईंच्या आवडत्या पोलक्याचं कापड शिल्लक असेल तर ते कोपऱ्यांना लावा.

रेशमी साडीला हात लावू नका. तिच्यावरचं जरीकाम जुनं आणि खऱ्या चांदीच्या तारेचं असेल तर त्याला वजनावर मोल मिळतं. सराफाला दाखवा, पण दोघी मिळून जा. जरीकाम प्लॅस्टिकचं निघालं तर साडीचा देवघराला पडदा करा. नायलॉनच्या साड्यांना मी गोधडीत नाही म्हटलं, पण पावसात त्यांच्याइतकं लवकर वाळणारं काही नाही. तीन बोटांच्या पट्ट्या कापा, तीन पट्ट्यांची वेणी घाला, वेणी गोल गोल गुंडाळत कडेला शिवत जा. न्हाणीघरासमोर हे पायपुसणं टाका. आत ओलं, बाहेर ओलं, तरी रात्रीत सुकतं.

*

“निवृत्त होऊन देवगडजवळच्या गावच्या घरी आलोय. मुंबईहून बॉक्सचा बेड, फोमचा सोफा आणि जेवणाचं टेबल आणलंय. घरात आजोबांच्या वेळचं फणसाचं कपाट आहे, त्याच्यातून पिवळी भुकटी पडते. मुलगा म्हणतो कपाट फेकून द्या, घरभर कीड पसरेल. तुमचं काय मत?”
एक वाचक, देवगड तालुका

भाऊ, तुमच्या मुलाने चुकीची वस्तू निवडली आहे. फेकायचा तो सोफा. फोम पावसाळ्यात पाणी धरतो, वरून कोरडा लागला तरी आतून दमट राहतो, आणि तुमच्या गावी त्याला उन्हात टाकायला चार महिने ऊनच नसतं. बॉक्सचा बेड भुशाच्या दाबीव फळीचा असेल तर कडेला नख मारून बघा. फळी फुगली असेल, पापुद्रे सुटत असतील, तर तिच्यात स्क्रू धरत नाही आणि तिची दुरुस्तीही नसते. प्लायवूडचा असेल तर वाचेल. फक्त त्याची पेटी कपड्यांनी गच्च भरू नका, फळ्यांना भोकं पाडून हवा खेळू द्या.

आता कपाट. भुकटी म्हणजे वाळवी नव्हे. वाळवी मातीच्या नळ्या करत येते, जमिनीतून किंवा भिंतीतून. पिठासारखी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं म्हणजे लाकूड पोखरणारे भुंगेरे. ते आत आहेत की केव्हाच गेले, हे आधी ठरवा, कारण भुंगेरे उडून गेल्यावरही दार आपटलं की जुनी भुकटी गळत राहते. ब्रशने सगळं साफ करा, दिसतील त्या भोकांभोवती खडूने खूण करा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि दोन-तीन आठवडे हात लावू नका. खूण नसलेलं भोक दिसलं किंवा कागदावर ताजी भुकटी पडली, तर आत जिवंत आहे.

मग हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाच्या किडीचं औषध आणा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका भोकात सोडा. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघडी ठेवा, जवळपास चूल, विडी, उदबत्ती काही नको. काही दिवसांनी पुन्हा एकदा सोडा. मग लाकडाचा भुसा आणि मेण एकत्र करून भोकं बुजवा, म्हणजे नवीन भोक पडलं की लगेच कळेल. भुंगेऱ्यांना लाकडातला पांढरा, सालीकडचा भाग आवडतो. फणसाचा आतला पिवळा गाभा सहसा ते सोडून देतात, आणि वाळवीही त्याच्या नादी फारशी लागत नाही. तुमचं कपाट एव्हाना पिवळं राहिलं नसेल, तपकिरी झालं असेल, ते वयानं. मागची फळी तेवढी तपासा, ती बहुधा आंब्याची असते. सुतार पुढून फणस लावायचे आणि मागे आंबा, आणि आंबा म्हणजे किडीचं आवडतं खाणं. फक्त मागची फळी गेली असेल तर तेवढी बदला.

खिळ्यांचं सांगते, कारण हे सगळे विसरतात. लोखंडी खिळा आपल्या हवेत गंजतो. गंजला की फुगतो आणि फुगला की लाकूड चिरतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. महाग पडतात, पण कपाटाला लागतात किती! पायांखाली जांभ्याचे चिरे द्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

पॉलिश आत्ता नको. लाखेचं स्पिरिटमधलं पॉलिश दमट हवेत लावलं की पांढरट पडतं, मग पॉलिशवाल्याच्या नावाने ओरडून उपयोग नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की लावून घ्या. जवसाचं तेल लावणार असाल तर पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपल्या आपण तापतात आणि पेटतात, काडी न लावता. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका. आणि कुणी तुम्हाला काजूच्या टरफलांचं तेल लावायला सांगेल, होड्यांना लावतात म्हणून. लाकूड राखतं ते, खरं आहे. पण कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून ते कपाटाच्या पाठीला आणि पायांच्या तळाला, तेही जुन्या ब्रशने. कपड्यांच्या बाजूला मुळीच नाही.

*

“जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवताना मशीन टाके सोडते, सुया मोडतात. मशीन खराब झालं का?”
एक वाचक, कुडाळ

मशीनला कशाला दोष देता? सुई बदला. ब्लाऊजच्या अकरा नंबरच्या सुईने जीन्स शिवत असाल, तिथे सोळा नंबर लावा. टाका मोठा करा. शिवणीवर शिवण येते ती जागा आधी बत्त्याने ठोकून चपटी करा आणि तिथून जाताना पेडलवरचा पाय काढून चाक हाताने फिरवा. बस्स.

*

“आमच्या घरी वेताच्या चार खुर्च्या आहेत. बैठक खाली गेली आहे, बसलं की खोल जायला होतं. एका खुर्चीचा वेत तुटलाही आहे. विणणारा माणूस आता मिळत नाही.”
एक गृहिणी, गुहागर

तीन खुर्च्या तुम्ही उद्याच नीट करू शकता. ज्यांचा वेत तुटलेला नाही त्या उलट्या करा. जुनं जाड टॉवेल कढत पाण्यात बुडवून पिळून बैठकीच्या खालच्या अंगाला ठेवा, अर्धा तास. वेताला वरून चकाकी असते, तिथून पाणी शिरत नाही; खालून शिरतं. मग सावलीत, वाऱ्याला वाळवा आणि पुरती सुकेपर्यंत कुणाला बसू देऊ नका, पाहुणा कितीही मोठा असो. वेत सुकताना आक्रसतो आणि बैठक वर येते. दर दोन-चार वर्षांनी हे करावं लागतं.

चौथीचा वेत काढून टाका आणि नवार विणा. पलंगाची असते तीच. आधी पुढून मागे शेजारी शेजारी पट्टे घट्ट ओढून घ्या, मग डावीकडून उजवीकडे एक वर एक खाली. सुती नवार दिसायला छान, पण तुमची पडवी समुद्राकडे उघडी असेल तर पावसात तिच्यावर काळे ठिपके येतील. नायलॉनची घ्या. लाल-हिरवी मिळते, ती नको वाटली तर पांढरीही मिळते.

*

“चिपळूणला आमचं घर २०२१च्या जुलैमधल्या पुरात होतं. तेव्हाच्या काही सुती चादरी आईने धुऊन ठेवल्या आहेत, पण त्यांच्यावर मातीची रेघ अजून आहे. ब्लीच घातलं तर रेघ आणखी गडद झाली. त्या वापराव्यात का? त्यातल्या काही मधोमध विरल्याही आहेत.”
एक विद्यार्थिनी, चिपळूण

२२ जुलैचं ते पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्याकडे अशी एक तरी चादर असतेच. काही घरांत त्या मुद्दाम ठेवल्यात आणि मला ते समजतं. पण वापरायच्या असतील तर आधी चांगल्या उकळा. पुराचं पाणी म्हणजे नुसतं वाशिष्ठीचं पाणी नव्हे, सगळ्या गटारांचं पाणी.

रेघ जात नाही कारण आपल्या मातीत लोह आहे. तो गंजाचाच डाग समजा, आणि गंजाच्या डागावर ब्लीच उलटं काम करतं. लिंबाचा रस आणि मीठ चोळा, ओलं ठेवूनच उन्हात टाका, सुकायच्या आत पुन्हा रस पिळा. दोन-तीनदा करून फिकी झाली तर झाली. रंगीत चादरीच्या कोपऱ्यावर आधी करून पाहा, लिंबाने काही रंगही उडतात.

मधोमध विरलेली चादर अजून निम्मं आयुष्य बाकी असलेली चादर असते, कारण माणूस मध्येच झोपतो, कडेला नाही. ती लांबीच्या दिशेने मधून कापा. आता दोन्ही तुकड्यांच्या बाहेरच्या, धड असलेल्या किनारी एकमेकींना लावून शिवा. कड मध्ये आली, विरलेला मध्य कडांना गेला. कडांना पट्टी दुमडून टीप मारा. मध्ये शिवण येईल ती चपटी बसवा, दोन्ही बाजूंना दाबून टीप घाला, म्हणजे पाठीला टोचत नाही. पुराची रेघ आडवी असेल तर ती तशीच राहील, उभी असेल तर बहुतेक कडेला जाऊन दुमडीत लपेल. कशी हवी ते आईला विचारून ठरव, बाळा.

*

“मी मालवणात राहते. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना विकायचा विचार आहे. कापड फुकट मिळतं, मग किंमत कशी लावू? एका दुकानदाराने फार कमी भाव सांगितला.”
एक वाचक, मालवण

कापड फुकट नाही गो बाय. ते निवडायला, धुवायला, उसवायला, इस्त्री करायला तुझा वेळ गेला, आणि नव्या कापडात तो जात नाही. तिथेच सगळ्या जणी फसतात. एक पिशवी शिवायला घड्याळ लावून बस, धुण्यापासून बंद लावण्यापर्यंत. तुमच्या गावात बाई रोजाला जे मागते त्या हिशेबाने त्या वेळेचे पैसे मांड. वर दोरा, चेन, अस्तर, इस्त्रीची वीज. हे झालं तुझं खालचं माप. दुकानदार त्याच्या खाली उतरला तर पिशव्या परत घेऊन घरी ये. तो ‘हातची, जुन्या साडीची’ म्हणून दुप्पट भावाने विकणार आहे आणि तुला सांगणार ‘चिंध्यांचीच तर आहे’.

पण भाव मागायचा तर पिशवी तशी हवी. नुसत्या साडीची पिशवी नारळाने फाटते. आत जुन्या चादरीचं अस्तर दे, दोन्ही थर एकत्र करून आडवे टाके घाल. बंद म्हणून जुन्या पॅन्टची कंबरपट्टी वापर, ती आधीच दुपदरी आणि ताठ असते. बंद जोडशील तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मार. एक पिशवी पाणी भरलेल्या दोन बाटल्या घालून खिळ्याला रात्रभर टांग आणि सकाळी बघ. सुटली नाही तर विकायला ने.

आणि एक, काजूच्या बोंडाचा डाग असलेलं कापड घेऊ नको. तो डाग जात नाही, आणि गिऱ्हाईक तो बरोबर दाखवतं. कापड फारच आवडलं असेल तर डागावर खिसा लाव.

*

“नवरा रापणीची जुनी जाळी घरी आणून टाकतो. मागल्या दारी ढीग झालाय. त्याचं काही होतं का?”
एक वाचक, वेंगुर्ला

होतं की. काकडी-दोडक्याच्या वेलांना मांडव म्हणून, परसात कोंबड्या भाजीत शिरतात तिथे कुंपण म्हणून. हातभर तुकडा चुरगाळून बांधला की मासळीची भांडी घासायला त्याहून चांगलं काही नाही. नॉनस्टिकला मात्र लावू नका. कुंपण करताना जाळं ताणून बांधा आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा, खाली झावळ्या लावा. सैल जाळं जमिनीवर लोळत राहिलं की त्यात धामण अडकते. अडकलेली दिसली तर दोरा ओढू नका, तो अंगात रुततो. सर्पमित्राला बोलवा, तो कात्रीने कापून सोडवतो. आणि नवऱ्याला सांगा, यापुढे ढीग नको, लागेल तेवढंच आणायचं.